वाट अडते तेव्हा : मूत्रवाहिनीच्या अवरोधाची काही अपरिचित कारणे



स्मृतिव्याख्यानासाठी भाषेच्या अध्यापकाने वैद्यकातला विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. मी वैद्य नाही आणि औषधयोजना सांगण्याचा माझा अधिकारही नाही. तथापि काही व्याधी अशा आहेत की, त्यांचे निदान यंत्रापूर्वी शब्दाने होते. रुग्णाने योग्य वेळी योग्य ते सांगितले तर तो वाचतो. सांगितले नाही तर अवयव जातो. आजचा विषय अशाच एका व्याधीचा आहे, आणि म्हणून तो थोडा भाषेच्या अध्यापकाचाही आहे. शिवाय बडोद्यात असा विषय मराठीतून मांडणे ही परंपरेला सोडून केलेली गोष्ट नव्हे. राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडणारा ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरु’ १९३१ साली याच नगरीत सिद्ध झाला. जे ज्ञान लोकांच्या उपयोगाचे, ते लोकांच्या भाषेत असावे, ही त्यामागची धारणा होती. तीच आज माझी शिदोरी आहे.

मूत्रपिंडांचे कार्य काही तासांत वा थोड्या दिवसांत एकाएकी खालावते, तेव्हा वैद्य त्यास मूत्रपिंडाची तीव्र इजा म्हणतात. तिची कारणे तीन ठिकाणी शोधावी लागतात. पहिले ठिकाण मूत्रपिंडाच्या अलीकडचे : जुलाब, रक्तस्राव किंवा उष्माघात यांमुळे रक्ताचा पुरवठाच तोकडा पडतो. दुसरे प्रत्यक्ष मूत्रपिंडातले : एखादे विष किंवा औषध त्याच्या पेशींवर घाला घालते. १९८६ साली मुंबईत दूषित ग्लिसरीन दिले गेल्याने रुग्ण दगावले, ते याच प्रकारचे उदाहरण. तिसरे ठिकाण मूत्रपिंडाच्या पलीकडचे : मूत्र तयार होते, पण त्याची वाट अडलेली असते. आजचे विवेचन मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, यात मूत्रपिंड प्रारंभी निर्दोष असते. वाट वेळीच मोकळी केली तर ते पुन्हा कामाला लागते. मूत्रपिंडाच्या इतर अनेक विकारांत इतकी आशा क्वचितच असते. आणि म्हणूनच येथे झालेला उशीर अधिक दुःखद ठरतो.

१. गवीनी, घट आणि गॅलेन

मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणाऱ्या नलिकेस मराठीत मूत्रवाहिनी म्हणतात. तिच्यासाठी आणखी एक जुना शब्द आहे, तो म्हणजे ‘गवीनी’. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात अडलेले मूत्र मोकळे व्हावे यासाठी एक सूक्त आहे, त्यात हा शब्द द्विवचनात येतो. सायणाचार्यांनी त्याचा अर्थ आतड्यांतून निघालेले मूत्र बस्तीपर्यंत पोचविणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या दोन नाड्या असा दिला. नलिका दोन आहेत, हे बरोबर होते. पण त्यांचा उगम मूत्रपिंडात आहे, हे अद्याप उमगलेले नव्हते. सुश्रुताच्या निदानस्थानात बस्ती कशी भरते, हे समजाविताना नव्या घटाचा दृष्टान्त येतो. गळ्यापर्यंत पाण्यात ठेवलेला कोरा घट जसा बाजूंनी झिरपून भरतो, तशी बस्ती भरते. मुतखडा कसा बनतो, हे सांगतानाही घटच पुढे येतो. नव्या घटात स्वच्छ पाणी भरून ठेवले, तरी कालांतराने तळाशी गाळ साचतो, तसा बस्तीत खडा साचतो. खडा म्हणजे साका, ही कल्पना आजही मोडीत काढण्यासारखी नाही.

उगमाचा प्रश्न इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने प्रयोगाने सोडविला. त्याने जिवंत प्राण्याच्या दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. मूत्राशय रिकामे राहिले आणि बंधनाच्या वरचा भाग तट्ट फुगला. दोरा सोडताच मूत्राशय भरू लागले. प्रयोग निर्दय खरा. परंतु मूत्र कोठे उपजते, कोणत्या वाटेने जाते आणि ती वाट अडली म्हणजे काय घडते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातून एकदमच मिळाली. पुढे जी कारणे आपण पाहणार आहोत, ती सर्व म्हणजे गॅलेनच्या दोऱ्याचीच निरनिराळी रूपे आहेत.

२. वीतभर वाटेची रचना

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरचा अंश वगळून बाकी सर्व रक्तात परत घेतात. हा उरलेला अंश म्हणजे मूत्र. ते वाहून नेणारी मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक, आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. ती नुसती नळी नव्हे. तिच्या भिंतीत स्नायू असून त्यांच्या लाटेसारख्या आकुंचनाने मूत्र थोडे थोडे खाली ढकलले जाते. म्हणूनच माणूस आडवा असला तरी मूत्र मूत्राशयात पोचते. तीन ठिकाणी ही वाट मुळातच अरुंद आहे : मूत्रपिंडातून बाहेर पडताना, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरताना. खडा अडकतो तो बहुधा यांपैकीच एखाद्या ठिकाणी.

वाट अडली की मूत्र मागे साचते आणि त्याचा दाब मूत्रपिंडातील गाळण्यांपर्यंत पोचतो. गाळण्याचे काम रक्ताच्या दाबावर चालते. समोरून उलट दाब आला की ते मंदावते आणि शेवटी थांबते. काही काळाने मूत्रपिंडातील रक्तप्रवाहही घटतो आणि आतील नाजूक रचना झिजू लागते. कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, पूर्ण अवरोध आठवड्याभरात सोडविला तर कार्य जवळजवळ पूर्ववत होते. चार आठवड्यांनी सोडविला तर त्याचा लहानसा हिस्साच परत मिळतो. आणि सहा आठवड्यांनंतर फारसे काही हाती लागत नाही. माणसाच्या बाबतीत असे नेमके वेळापत्रक मांडता येत नाही. दिशा मात्र तीच आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकच मूत्रवाहिनी अडली आणि दुसऱ्या बाजूचे मूत्रपिंड निरोगी असले, तर ते सारा भार उचलते. लघवी नेहमीसारखी होते, रक्तातील क्रिएटिनिनही फारसे वाढत नाही, आणि एक मूत्रपिंड गुपचूप निकामी होत राहते. तीव्र इजा प्रकट होते ती दोन्ही वाटा अडल्या तर, किंवा ज्याला एकच कार्यक्षम मूत्रपिंड आहे त्याची ती एक वाट अडली तर. जन्मतःच एक मूत्रपिंड असणारी माणसे अंदाजे हजारात एक असतात आणि त्यांतील कित्येकांना ते आयुष्यभर ठाऊक नसते.

दुखण्याविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘पथरी’ म्हटले की आपल्याकडे असह्य कळ आठवते, आणि ते योग्यच आहे, कारण एकाएकी आलेला अवरोध मूत्रवाहिनीला ताणतो. परंतु हळूहळू घट्ट होत जाणारा अवरोध बहुधा दुखतच नाही. थोडी मळमळ, थकवा, भूक मंदावणे, पायांवर सूज एवढीच त्याची खूण असते.

३. आतून अडणारी वाट

अवरोधाच्या कारणांची मांडणी वैद्यकात सोपी आहे : नळीच्या पोकळीत काही अडकणे, नळीची भिंत आकसणे आणि बाहेरून नळी दाबली जाणे. पहिल्या वर्गात मुतखडा अर्थातच अग्रस्थानी आहे; परंतु तो परिचित असल्यामुळे त्याला बाजूला ठेवून कमी परिचित मंडळींकडे वळू.

औषधांचे स्फटिक हे त्यांतले एक. १९४० च्या दशकात सल्फा औषधांनी न्युमोनियासारख्या रोगांतून असंख्य माणसे वाचविली. पण त्यांतील काही औषधे मूत्रात विरघळून न राहता स्फटिकरूपाने साचत आणि मूत्र बंद पडे. म्हणून त्या गोळ्यांबरोबर भरपूर पाणी आणि सोडा घेण्यास सांगत. १९९६ साली एड्सवरील उपचारांत आलेल्या इंडिनाविर या औषधानेही तेच केले. त्याचे खडे साध्या सीटी स्कॅनवर दिसत नसत. कळ खरी, अवरोध खरा, आणि चित्रात मात्र काही नाही, असा पेच वैद्यांपुढे उभा राहिला. रक्ताच्या काही कर्करोगांत औषध लागू पडताच असंख्य पेशी एकदम फुटतात, त्यांतून युरिक आम्लाचा लोंढा मूत्रात येतो आणि स्फटिकांनी वाट बुजते. तेथे उपचाराचे यशच संकट होऊन येते. म्हणून त्यावरचे औषध आणि सलाइन आधीपासूनच सुरू करतात.

या वर्गातले सर्वांत विषण्ण करणारे उदाहरण चीनमधले आहे. २००८ साली तेथे तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीत मेलामाइन हे रसायन मिसळल्याचे उघड झाले. दुधातील प्रथिनांची चाचणी नायट्रोजन मोजून करतात. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असल्यामुळे पाणी घातलेले दूधही कसोटीला उतरत असे. तान्ह्या मुलांच्या मूत्रात युरिक आम्लाचे प्रमाण मुळातच अधिक असते. त्याच्याशी मेलामाइनचा संयोग होऊन वाळूसारखे खडे बनले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि सहा दगावल्याची अधिकृत नोंद झाली. बोलता न येणाऱ्या बालकांची खूण एकच होती : लंगोट कोरडे राहणे आणि लघवीच्या वेळी रडणे. ज्या मातांनी ते हेरले, त्यांची मुले वेळेवर रुग्णालयात पोचली.

मधुमेहाचा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात जंतुसंसर्ग झाला, तर मूत्रपिंडाच्या आतील टोकांचा भाग मरून सुटा होतो आणि मूत्रवाहिनीत उतरून बुचासारखा बसतो. वेदनाशामक गोळ्यांच्या वर्षानुवर्षांच्या सेवनानेही हेच घडते. फेनासिटिन हे वेदनाशामक औषध या कारणासाठी विसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात कुप्रसिद्ध झाले आणि पुढे अनेक देशांत बंद करण्यात आले. मधुमेह्यांत क्वचित बुरशीचे गोळे होऊन तेही वाट अडवितात. रक्ताच्या गुठळ्याही असाच अडसर होऊ शकतात.

अवरोध दर वेळी मोठ्या वाटेवरच असतो असे नाही. मूत्रपिंडाच्या आत केसाहून बारीक अशा लक्षावधी नलिका आहेत. त्या एकाच वेळी बुजल्या तर परिणाम तोच. आपल्यापैकी ज्यांचे मूळ गोव्यात वा कोकणात आहे, त्यांनी परसातले बिंबलीचे झाड पाहिले असेल. खोडालाच घोसाने लागणारी ती हिरवी, विलक्षण आंबट फळे आमटीत एखाददुसरे घातले तर रुची आणतात. परंतु कोलेस्टेरॉल उतरते अशा ऐकीव समजुतीने तिचा रस पेलाभर पिण्याची पद्धत काही ठिकाणी पडली. केरळमधील वैद्यांनी २०१३ साली असे दहा रुग्ण नोंदविले. रसातील ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत साचून तीव्र इजा झाली होती. त्याच जातकुळीच्या कमरखाचीही हीच गोष्ट आहे. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुर्बळ आहेत, त्यांना कमरख थोडेसेही अपायकारक होऊ शकते. फळ निसर्गाचे आहे म्हणून ते कितीही घ्यावे, हा तर्क येथे चालत नाही.

४. भिंतीचे आकसणे

दुसऱ्या वर्गात आपल्या देशाच्या दृष्टीने क्षयरोग प्रमुख आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. क्षय म्हटला की आपण छातीकडे पाहतो. पण त्याचे जंतू रक्तावाटे मूत्रपिंडात जाऊन वर्षानुवर्षे दबा धरून बसतात. वारंवार लघवी होणे, जळजळ, तपासणीत पू सापडणे आणि तरीही नेहमीचे जंतू न वाढणे, असे त्याचे रूप असते. विचित्र भाग पुढेच आहे. औषधांनी जंतू मरतात, जखम भरून येते, आणि भरून येताना वणाप्रमाणे आकसते. जी मूत्रवाहिनी रोगात उघडी होती, ती बरी होताना बंद पडू शकते. म्हणून अशा रुग्णाला बरे वाटू लागले तरी उपचाराच्या काळात ठरावीक अंतराने सोनोग्राफी करावी लागते. क्षयाचे औषध मध्येच सोडू नये, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. औषध घेत असताना तपासणी सोडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

दुसरे कारण एका कृमीचे. थिओडोर बिलहार्झ या जर्मन वैद्याने १८५१ साली कैरो येथे तो शोधला. गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या द्वारा हा कृमी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून शरीरात शिरतो. त्याची अंडी मूत्राशयाच्या व मूत्रवाहिनीच्या भिंतीत साचून त्या भिंती कठीण होतात. आफ्रिकेत हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो; ईजिप्तमध्येही तो पूर्वी मोठ्या प्रमाणावर होता. आपल्याकडे तो नाही असेच मानले जाई. परंतु १९५२ साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिम्वी या गावी त्याचे एक केंद्र दाखवून दिले. मूत्रातून रक्त जाते, या गावकऱ्यांच्या तक्रारीमागे काय आहे, हे अशा शोधामुळेच कळते.

५. बाहेरून पडणारा वेढा

तिसरा वर्ग सर्वांत विविध आहे. पाठीच्या कण्यापुढे, महारोहिणीच्या भोवती काही जणांत तंतुमय ऊतकांचा जाड थर वाढू लागतो आणि दोन्ही मूत्रवाहिन्यांना तो मिठी घालतो. पॅरिसमधील शल्यविशारद आल्बारान यांनी १९०५ साली अशा रुग्णाचे वर्णन केले होते. पण ते विस्मृतीत गेले. १९४८ साली ऑर्मंड या अमेरिकन वैद्याने ते पुन्हा मांडल्यावर हा विकार सर्वमान्य झाला. पुढे अर्धशिशीवरील मेथिसर्जाइड या औषधानेही तो होतो, असे १९६० च्या दशकात आढळले. यात कंबरदुखी असते, ती आपण वयावर ढकलतो. आणि सोनोग्राफीत मूत्रपिंड फारसे फुगलेलेही दिसत नाही, कारण वेढ्यामुळे ते फुगूच शकत नाही. या विकाराचे निदान झाले तर स्टेरॉइडसारख्या औषधांनी तो पुष्कळदा ओसरतो.

इतर कारणे थोडक्यात सांगतो. कमरेतील रोहिणीला आलेला फुगा मूत्रवाहिनीवर दाब देतो. काही जणांची उजवी मूत्रवाहिनी जन्मतःच मोठ्या शिरेच्या मागून वळसा घेऊन जाते आणि तेथे दाबली जाते. क्वचित मूत्रवाहिनीच अंतर्गळात, म्हणजे हर्नियात, उतरून मुडपते. वृद्धांत आणि लहान मुलांत अतितीव्र बद्धकोष्ठाने साठलेल्या मळाचा गोळा मूत्राशय व मूत्रवाहिन्या दाबून मूत्र बंद पाडतो, आणि एनिमा देऊन कोठा मोकळा करताच मूत्रही मोकळे होते, अशी उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला विशेष जपावे लागते, कारण ती गर्भाशयाच्या रोहिणीच्या अगदी खालून जाते. पुलाखालून पाणी, असे वैद्यकाचे विद्यार्थी ते लक्षात ठेवतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे तर हे दुर्मिळ कारण म्हणताच येत नाही. उपेक्षित रोगात दोन्ही मूत्रवाहिन्या अडून मूत्रपिंडे निकामी होणे, हा त्याचा नेहमीचा शेवट आहे.

६. न बोललेला अवरोध

या सर्व कारणांत एक कारण मला सर्वांत अस्वस्थ करते. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न मिळता जड ओझी उचलणाऱ्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत उतारवयात गर्भाशय आपल्या जागेवरून खाली उतरते. मराठीत याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. शब्द पाहा : कोणते अंग, ते सांगितलेले नाही. गर्भाशय पूर्णपणे उतरले की त्याच्याबरोबर मूत्राशयाचा तळ आणि मूत्रवाहिन्यांची टोकेही खाली खेचली जातात. त्या ताणल्या जातात, मुडपतात, आणि दोन्ही बाजूंनी अवरोध निर्माण होतो. वेदना नसतात. मूत्रपिंडे वर्षानुवर्षे फुगत राहतात. शेवटी उलट्या आणि सुस्ती यांसाठी रुग्णालयात आणलेल्या आजीची रक्ततपासणी होते, तेव्हा क्रिएटिनिन भलतेच वाढलेले निघते. आणि अंग बाहेर येण्याची गोष्ट त्यानंतर, पुष्कळ विचारल्यावर, हळू आवाजात सांगितली जाते. घरातल्या सुनेलाही ती ठाऊक नसते.

उपाय मात्र साधा आहे. गर्भाशय हलकेच जागेवर बसवून पेसरी नावाचे कडे ठेवतात किंवा शस्त्रक्रिया करतात. मूत्रवाहिन्या सरळ होतात, मूत्र वाहू लागते आणि उशीर झालेला नसेल तर मूत्रपिंडे सावरतात. म्हणजे येथे दोन अवरोध होते : एक मूत्रवाहिनीत आणि दुसरा वाणीत; आणि पहिल्याची मुदत दुसऱ्याने वाढविली.

आपल्या भाषेने या विषयाभोवती आडपडदे उभारले आहेत. ‘लघवी’ आणि ‘लघुशंका’ हे शब्द मुळात सौम्योक्तीच होत. शाळेत तर तेवढेही म्हणायचे नसे. करंगळी वर केली की गुरुजी समजत. आपल्यापैकी प्रत्येकाने या वास्तूत कधी ना कधी ती करंगळी वर केली आहे. सौम्योक्तीला माझा विरोध नाही. सभ्य समाजाला ती हवीच असते, आणि भाषेचे सौंदर्यही काही अंशी तिच्यातच आहे. परंतु सौम्योक्ती ही बोलण्याची एक रीत आहे. मौनाचा परवाना नव्हे. करंगळी दाखवूनही सांगता येत होतेच. जेथे करंगळीही वर होत नाही, तेथे धोका आहे. लघवी होत नाही, धार कमी झाली, रक्त दिसले, अंग बाहेर येते, ही वाक्ये घरात आणि दवाखान्यात न लाजता उच्चारता आली पाहिजेत. विशेषतः स्त्रियांना आणि वृद्धांना ती उच्चारण्याची सवय नसेल, तर ती विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

७. वाट मोकळी करणे

निदानाचे पहिले साधन सोनोग्राफी. ती वेदनारहित, तुलनेने स्वस्त आणि तालुक्याच्या गावीही उपलब्ध आहे. मूत्रपिंड फुगले आहे काय, हे तिच्यावरून बहुधा कळते. अपवाद आपण पाहिलाच. म्हणून संशय दृढ असेल तर वैद्य पुढील तपासण्या करतात.

तातडीचा उपाय म्हणजे कारणाचा निकाल लागेपर्यंत मूत्राला दुसरी वाट देणे. पाठीतून सुई घालून थेट मूत्रपिंडात बारीक नळी बसविण्याची पद्धत गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. आतून, मूत्राशयावाटे मूत्रवाहिनीत ठेवायची, दोन्ही टोकांना वळण असलेली नळी फिनी यांनी १९७८ साली पुढे आणली. तिलाच आज ‘स्टेंट’ किंवा ‘डी-जे’ म्हणतात. त्याच १९७८ साली बडोद्याजवळच्या नडियादला मूत्ररोगांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले, हा योगायोग आपल्या परिसराला उपकारक ठरला आहे.

वाट मोकळी झाल्यावर कधी कधी मूत्राचा पूर येतो. दिवसाला कित्येक लिटर जाते. घरच्यांना आनंद होतो, पण त्या वेळी शरीरातील पाणी आणि क्षार यांचा तोल सांभाळावा लागतो, म्हणून रुग्णाला घरी नेण्याची घाई करू नये. आणखी एक सूचना स्टेंटविषयी. ती नळी कायमची नसते. सांगितलेल्या मुदतीत ती काढावी वा बदलावी लागते. बरे वाटले म्हणून रुग्ण परत जात नाही, नळीवर खडे साचतात आणि वाट उघडणारी नळी स्वतःच अवरोध होऊन बसते. असे विसरलेले स्टेंट आपल्या देशात वारंवार आढळतात. ज्याच्या अंगात स्टेंट आहे, त्याच्या घरातील कॅलेंडरावर ती तारीख ठळकपणे लिहिलेली असावी.

समारोप

आता सारांशाने चार गोष्टी सांगतो. लघवी एकाएकी फार कमी झाली, म्हणजे दिवसभरात ४०० मिलिलिटरहूनही कमी, किंवा पूर्ण बंद झाली, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्याकडे जावे. लघवी कधी बंद, कधी भरपूर असे आळीपाळीने होत असेल, तर तीही अवरोधाची खूण असू शकते. आणि लघवी नेहमीइतकी होते म्हणून अर्धवट अवरोध नाहीच, असे समजू नये. अवरोधाच्या संशयाबरोबर थंडी वाजून ताप आला, तर प्रश्न तासांचा असतो, दिवसांचा नव्हे. आणि ज्यांना एकच मूत्रपिंड आहे, ज्यांना पूर्वी क्षय झाला आहे, ज्यांच्या ओटीपोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी ती माहिती विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन सांगावी.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी जन्मभर मुलांना प्रश्न विचारायला शिकविले. त्यांचे स्मरण करताना त्यांच्या शिष्यांनी घरी जाऊन एक प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या आईला, आजीला, वडिलांना एकदा निवांतपणे विचारा : लघवीचा काही त्रास आहे का? पहिल्यांदा उत्तर ‘नाही’ असेच येईल. थोड्या दिवसांनी पुन्हा विचारा.